‘द रीडर’वर लिहिणार असशील तर

पहिल्याच परीक्षणाला ‘द रीडर’ (२००८) हा चित्रपट घेतलास, धाडसच म्हणायचं! १५ वर्षांचा मायकेल आणि त्याच्या दुपटीहून मोठी हाना, यांच्या प्रेमप्रकरणात फार रेंगाळू नकोस. केट विन्स्लेटच्या ऑस्करलाही एक ओळ पुरे. वेळ द्यायचा तो खटल्याला.

हाना नाझींच्या एसएस या दलाची पहारेकरी होती. चर्चला आग लागली, आत कैदी बायका होत्या आणि दार उघडलं गेलं नाही. हा तिचा गुन्हा. पण कोर्टात हस्ताक्षराचा नमुना मागितल्यावर, त्या आगीचा, तिने न लिहिलेला अहवाल ती आपलाच म्हणते. निरक्षरता उघडी पडण्याची लाज तिला जन्मठेपेहून जड वाटते. नवखे इथेच घसरतात: लाजेलाच पश्चात्ताप समजतात आणि अडाणी होती बिचारी, असा सूर लावतात. तो चुकूनही लावू नकोस. दार उघडायला वाचता यावं लागत नाही.

मायकेललाही सोडू नकोस. तिचं गुपित ओळखूनही तो गप्प बसतो. पुढे तुरुंगात तिला पुस्तकं वाचून भरलेल्या कॅसेटी पाठवतो, पत्र मात्र एकही नाही. (मला तर त्याचाच जास्त राग येतो.) फ्रँकफर्टच्या १९६३ ते १९६५च्या आउशवित्झ खटल्याबद्दल (त्या नाझी छळछावणीतल्या लोकांवरच्या) थोडं वाचून घे, म्हणजे आईबापांना जाब विचारणारी ती जर्मन पिढी कळेल.

आणि शेवटी क्षमा मिळते असं लिहिण्याआधी न्यूयॉर्कचा प्रसंग पुन्हा बघ. छळछावणीतून वाचलेली स्त्री हानाने मागे ठेवलेले पैसे नाकारते, फक्त चहाचा डबा ठेवून घेते.