चिंच लावू नका, आधी वजन करा

‘नांगरटीनंतर वावरात मेटल डिटेक्टर फिरवला, तांब्याची चार नाणी मिळाली, पार गुळगुळीत आहेत, एकावर तराजूसारखं काहीतरी वाटतंय, चिंच-मीठ लावून बघू का?’ तुमचं हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. लावू नका. लिंबूही नको, राखही नको, दात घासायचा ब्रशही नको.

बारा वर्षांपूर्वी मामांच्या शेतात, विहिरीच्या कडेला मला असंच एक नाणं सापडलं होतं. वर हिरवट-काळा थर. सकाळच्या कोवळ्या उन्हात तिरपं धरलं की एका बाजूला तराजूची दांडी आणि दोन पारडी दिसायची, खाली फारसी आकड्यांच्या पुसट खुणा. सापडल्याचं रीतसर कळवावं म्हणून मी लेखी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने नाणं उलटसुलट केलं, ‘यावर काहीच दिसत नाही, स्वच्छ करून आणा’ म्हणाला आणि अर्ज परत केला. पोच नाही, नोंद नाही. सरकारी टेबलामागचा माणूस सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून मी घरी येऊन नाणं चिंचेच्या कोळात टाकलं. दहा मिनिटांत लालबुंद झालं. दुसऱ्या दिवशी उन्हात धरलं तर पारडी अंधुक होती, आकडे गेलेले. धुण्याआधी एक फोटोही मी काढला नव्हता.

जमिनीत दीडशे-दोनशे वर्षं पडलेल्या तांब्याचा वरचा पत्रा बदलून त्याचाच तो तपकिरी-हिरवा थर होतो. झिजलेल्या नाण्यावर उरलेली अक्षरं बहुतेकदा त्या थरातच असतात. आंबटाने थर विरघळतो आणि अक्षरं त्याच्याबरोबर जातात. मळ काढतोय असं वाटतं, पण जातो तो ठसा. थर घट्ट असेल तर त्याला हात लावू नका. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं वेगळं, कोरड्या जागी ठेवा. माती फारच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, इतकंच.

आता ओळखण्याचं. सराफाकडच्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत वजन घ्या आणि व्यास मोजा. चेहरा गेला तरी वजन बरंच सांगतं. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा (म्हणजे एक पैसा) साधारण साडेसहा ग्रॅमचा, अर्धा आणा त्याच्या दुप्पट. व्हिक्टोरिया राणीच्या काळातही पाव आण्याचं वजन तेच राहिलं. १९०६ मध्ये तांब्याऐवजी कांसं आलं आणि वजन पाच ग्रॅमच्या किंचित खाली उतरलं. झीज आणि गंज धरून थोडं इकडेतिकडे चालतं, पण पाच आणि साडेसहा यांत घोळ होत नाही.

मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरा, नाणं थोडं थोडं फिरवत प्रत्येक वेळी फोटो काढा. नुसती डोक्याची कड दिसली तरी पुरे. तांब्याच्या पैशावर उजवीकडे बघणारं, मुकुट नसलेलं डोकं म्हणजे सातवा एडवर्ड. व्हिक्टोरिया आणि पाचवा जॉर्ज दोघेही डावीकडे बघतात, पण जॉर्जला दाढी आहे. डोकं नसून दोन उभे प्राणी आणि मधे ढाल वाटत असेल तर कंपनीची राजमुद्रा. नाणं जाडजूड, कडा वेडीवाकडी आणि ठसा एका बाजूला सरकलेला असेल तर ते यंत्रावर पाडलेलं नाही. आपल्याकडच्या शेतात असं निघालं की आधी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आठवा, देवनागरीतल्या ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ यांतली एखादी वेलांटी शोधा.

बाजारात १८१८ साल घातलेले, राम-सीता-हनुमान असलेले ‘ईस्ट इंडिया कंपनी’चे आणे विकायला येतात. ती कंपनीची नाणी नव्हेत, नंतर पाडलेली टोकनं आहेत. त्यांच्याशी आपलं नाणं ताडून किमतीचे आकडे मनात धरू नका.

कायद्याचं थोडं, पण मी वकील नाही. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय नाणं कोणाच्या हातात ठेवू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा. माझं हेच चुकलं, आणि त्या टेबलावर मला एवढं सांगायलाही कोणी नव्हतं, याचा राग अजून आहे. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर डिटेक्टर काढूच नका.

तुमच्या तराजूवाल्या नाण्याकडे मात्र नीट बघा. मुंबई इलाख्यासाठी १८०४ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत पाडलेल्या पैशावर तराजू आहे, पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’ म्हणजे न्याय. १८३० पासूनच्या मुंबईच्या पाव आण्यावरही तराजू आणि ‘अदल’ आहेच, आणि वजनही जवळपास सारखंच. तेव्हा झिजलेल्या नाण्यात खात्रीचा आधार खालच्या हिजरी सालाचा. १८०४ च्या पैशावर १२१९ आहे, १८३० ते १८३३ च्या नाण्यांवर १२४६ ते १२४९. डावीकडून तिसरा आकडा बघा. नुसती उभी रेघ असेल तर तो एक, म्हणजे सोहोचं नाणं. रेघेला वर फाटा फुटलेला असेल तर तो चार. माझ्या नाण्यावरचा नेमका हाच आकडा मी चिंचेत घालवला. टॉर्च आडवा धरून त्या जागेचे चार बाजूंनी चार फोटो काढा आणि वजनासकट इथे टाका, मी रात्री बघतो.