सात पायऱ्यांची लष्करी नियोजन-प्रक्रिया कंपनी कमांडरने कशी वापरायची?

तुमचा प्रश्न असा आहे की एमडीएमपी ही अमेरिकी सैन्याची सात पायऱ्यांची नियोजन-प्रक्रिया स्टाफ, म्हणजे कमांडरला नियोजनात मदत करणारे अधिकारी, असलेल्या मुख्यालयासाठी आहे. मग ज्याच्याकडे स्टाफच नाही त्या कंपनी कमांडरने (कंपनी म्हणजे तीन प्लाटूनची तुकडी, प्लाटूनचे पुन्हा सेक्शन) ती कशी वापरायची, आणि पायऱ्या गाळल्या तर चालेल का?

मी पायदळातला, आता निवृत्त. पायऱ्या गाळल्या तर चालतं. किंबहुना गाळाव्याच लागतात. पण कोणत्या गाळायच्या हे ठरवायच्या आधी घड्याळ बघायचं. बहुतेक नवखे अधिकारी इथे उलटं करतात. मोठ्या प्रक्रियेची छोटी प्रत काढायला बसतात: तीन पर्याय, तुलनेचा तक्ता, प्रत्येक रकान्यात गुण. ब्रिगेडमध्ये हे जमतं, कारण तिथे लढाईचं नियोजन बघणारा बीएम (ब्रिगेड मेजर) आहे, रसद-पुरवठा बघणारा डीक्यू आहे, गुप्तवार्ता बघणारा वेगळा अधिकारी आहे. कंपनीत हे सगळं एकाच डोक्यात चालतं, आणि ते डोकं बऱ्याचदा आदल्या रात्री झोपलेलं नसतं. खुद्द अमेरिकनांनीही कंपनी आणि त्याखालच्या पातळीसाठी आठ पायऱ्यांची वेगळी पद्धत ठेवलीय. ब्रिटिशांचे सात प्रश्न आहेत. आपल्याकडे अॅप्रिसिएशन आहे: उद्देश, घटक, पर्याय, योजना. नाव कोणतंही घ्या, विचार तोच.

आता घड्याळ. समजा दुपारी २ वाजता तुम्हाला हुकूम मिळाला आणि एच-अवर, म्हणजे हल्ला सुटण्याची वेळ, पहाटे ५ आहे. हातात १५ तास. नियम सांगतो की एक तृतीयांश वेळ स्वतःसाठी ठेवा, उरलेला खालच्यांना द्या. म्हणजे संध्याकाळी ७ पर्यंत तुमचे हुकूम देऊन झाले पाहिजेत. कागदावर ठीक आहे. पण सूर्य सव्वासहाला मावळतोय. सेक्शन कमांडरांनी समोरची जमीन उजेडात बघितली नाही, तर रात्री ते कुठल्या नाल्यातून कुठे निघतील याची खात्री नाही. निरीक्षणाच्या जागेपर्यंत लपतछपत जायला पाऊण तास, बघायला अर्धा तास. म्हणजे पाचला त्यांनी निघायलाच हवं, आणि त्याच्या आत तुमची स्वतःची रेकी, म्हणजे जागेची पाहणी, होऊन योजनेचा सांगाडा तयार हवा. पाच तासांचे झाले तीन, त्यातही जाण्यायेण्यात निम्मा वेळ गेला. म्हणून हुकूम मिळाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत वॉर्निंग ऑर्डर, म्हणजे तयारीला लागा असा आगाऊ हुकूम, सुटली पाहिजे, अर्धवट माहितीनिशी का होईना. ‘पहाटे हल्ला, रात्री दीडला निघायचं, दारूगोळा वाटून घ्या, पाचला सगळे सेक्शन कमांडर माझ्यासोबत.’ एवढं सांगितलं की सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) आणि प्लाटून हवालदार कामाला लागतात. तुम्ही नकाशात डोकं घालून बसलेले असताना निम्मी तयारी होऊन जाते.

जी पायरी कधीच गाळायची नाही ती म्हणजे कामाचं विश्लेषण. मुख्यालयात त्याला पानंच्या पानं लागतात, कंपनीत एक प्रश्न पुरतो: माझ्या वरच्याच्या वरच्याला हे कशासाठी हवंय? १९७१ च्या डिसेंबरमधलं, बांगलादेश युद्धातलं जमालपूर घ्या. ९५ माउंटन ब्रिगेडच्या १ मराठा पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे ठाण मांडलं होतं. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार कमांडिंग ऑफिसर होते. पलटण तिथे बसली होती ती जमालपूरची पाकिस्तानी शिबंदी ढाक्याकडे निसटू नये म्हणून. १०-११ डिसेंबरच्या रात्री ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण बाहेर पडायला निघाली आणि थेट मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली. अशा रात्री एखाद्या प्लाटून कमांडरला फक्त ‘या वळणावर बस’ एवढंच सांगितलं असेल, तर शत्रू दोनशे मीटर बाजूने जाताना दिसला तरी तो वळणावरच बसून राहील. ‘ढाक्याची वाट बंद ठेवायची’ हे माहीत असेल, तर काय करायचं ते त्याला विचारावं लागत नाही.

पर्याय दोन पुरेत. तिसरा बहुधा साहेबांना दाखवायला रचलेला असतो आणि तो नाकारला जाणार हे रचणाऱ्यालाही ठाऊक असतं. गुणांचा तक्ता तर मी सरळ फेकून द्यायला सांगेन. आपल्याला आधीच आवडलेल्या पर्यायाला जास्त गुण पडतात, बाकी काही होत नाही.

वॉरगेमिंग, म्हणजे शत्रू काय करेल हे धरून योजना आधीच खेळून बघणं, मात्र ठेवा, फक्त सगळ्या हल्ल्याचं करत बसू नका. जिथे काम फसू शकतं अशी एकच जागा निवडा. बहुतेक वेळा ती म्हणजे आपला आधाराचा फायर (हल्ला करणाऱ्यांना मागून मिळणारा गोळीबार) थांबतो आणि जवान शेवटचे शे-दीडशे मीटर उघड्यावर असतात तो क्षण. सँड मॉडेलभोवती बसा. मॉडेल म्हणजे मातीचा ढीग, नाल्यासाठी लोकरीचा धागा, शत्रूच्या बंकरांसाठी काडेपेट्या. मग सीनियर जेसीओला (सुभेदारासारख्या अनुभवी कनिष्ठ अधिकाऱ्याला) शत्रूच्या बाजूला बसवा आणि सांगा, ‘साहेब, आम्हाला हाणून पाडा.’ आमच्याकडे एक सुभेदार साहेब होते. ते काही न बोलता एक काडेपेटी उचलून उताराच्या पलीकडच्या अंगाला ठेवायचे आणि विचारायचे, ‘ही इथे असेल तर?’ तिथून ती ना आमच्या निरीक्षणाच्या जागेवरून दिसायची, ना आमच्या एमएमजीच्या (मध्यम मशीनगनच्या) टप्प्यात यायची. पाच मिनिटांत एमएमजीची जागा बदलायची, नाहीतर राखीव प्लाटून दुसऱ्या बाजूला सरकायची. एवढं मिळालं की वॉरगेमचं काम झालं.

योजना किती बांधून ठेवायची, हाही प्रश्न यातच येतो. १९८२ च्या फॉकलंड युद्धात गूस ग्रीनवर ब्रिटिशांच्या २ पॅरा या छत्रीधारी पलटणीची योजना सहा टप्प्यांची होती: रात्री सुरू होऊन दिवसात जाणारी, आधी आवाज न करता, मग गोळाबारासह. उजाडलं तेव्हा ए कंपनी डार्विन हिलखाली अडकली होती आणि बी कंपनी बोका हाउससमोर. कमांडिंग ऑफिसर एच. जोन्स स्वतः एका खंदकावर चालून गेले आणि मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्यानंतर मेजर कीबल यांनी सूत्रं घेतली. बोका हाउसची कोंडी फुटली ती मिलान या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांचा मारा आणि किनाऱ्याच्या आडोशाने पुढे सरकलेली डी कंपनी यांच्या जोरावर. जोन्स यांच्या धैर्याबद्दल दुमत नाही. पण माझ्या मते पहिल्या दोन टप्प्यांपुढचा तपशील इतका आवळून ठेवण्यात अर्थ नव्हता. कंपनीच्या हुकुमात मी उद्दिष्टापर्यंतचं सगळं तपशिलाने सांगेन आणि त्यापुढचं फक्त हेतूच्या भाषेत.

आणि हातात दोनच तास असतील तर? मग मॉडेल विसरा, लेखी हुकूम विसरा. तिन्ही प्लाटून कमांडरांना घेऊन उद्दिष्ट दिसेल अशा जागी आडवे पडा, बोट दाखवून जमिनीवरच्या तीन-चार ठळक खुणा ठरवा आणि तोंडी हुकूम द्या. मग प्रत्येकाकडून त्याचं काम त्याच्या शब्दांत वदवून घ्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो साहेब’च येतं. शेवटी आधाराचा फायर उचलण्याचा, म्हणजे थांबवण्याचा, इशारा कोणता, तो कोण देणार आणि वायरलेस बंद पडला तर त्याऐवजी काय, हे तिघांच्याही तोंडून एकसारखं आलं की निघा.