बायबलमधल्या गोष्टी ख्रिस्ती लोक रूपकं मानतात का?

तुम्ही विचारलंय की बायबलमधल्या शोमरोन्याच्या गोष्टीतली उतारशाळा, म्हणजे धर्मशाळा, हे चर्चचं रूपक आहे, असं प्रवचनात ऐकलं. मग ख्रिस्ती लोकांच्या लेखी या गोष्टी घडलेल्याच नाहीत का?

तसं नाही. शोमरोन्याची गोष्ट मुळात येशूने सांगितलेला दृष्टांत आहे: यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू जखमी करून टाकतात, आणि शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीचा एक माणूस, त्याला आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो. अब्राहामाची बायको सारा आणि तिची दासी हागार यांचं तसं नाही. त्या होऊन गेल्या असं मानूनही येशूचा प्रेषित पौल गलतीकरांना, म्हणजे गलतियातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना, लिहितो की या दोघी म्हणजे देवाने माणसांशी केलेले दोन करार. दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. नाथांच्या भारुडात चावणारा विंचू काम-क्रोधाचा असतो हे आपल्याला कुणी समजवावं लागत नाही, तसंच हे.

तिसऱ्या शतकात आलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने रूपकाची ही रीत पार टोकाला नेली. बायबलमधल्या सृष्टीच्या कथेत सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीचे तीन दिवस कसले, असं तो थेट विचारायचा. शब्दाशी अडलं की आत काहीतरी दडलंय, ही त्याची खात्री. पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत झालेल्या ऑगस्टीनलाही जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, पटू लागला तो मिलानमध्ये तिथल्या बिशप अँब्रोजची अशीच प्रवचनं ऐकून. ३८७ साली त्याने बाप्तिस्मा घेतला.

ओरिजेनच्या वाचनात जखमी माणूस आदाम, यरुशलेम नंदनवन, यरीहो हे जग, लुटारू म्हणजे सैतानी शक्ती, आणि शोमरोनी ख्रिस्त. मला हे फार सुंदर वाटतं. पण सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याने ते साफ नाकारलं, आणि त्याचंही मला पटतं. कारण एका शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण?’ असं विचारलं, म्हणून ही गोष्ट सांगितली गेली. ‘जा आणि तूही तसंच कर’ हे उत्तर रूपकात हरवलं, तर काय उरलं?

मी भायखळ्याला आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत मुलांना बायबल शिकवते. याच गोष्टीची पुठ्ठ्याची चित्रं फळ्यावर टाचून एकेकाचा अर्थ सांगत होते, तर एका आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, “बाई, मग गाढव कोण?” ओरिजेनकडे त्याचंही उत्तर आहे: ते जनावर म्हणजे आपला भार वाहणारं ख्रिस्ताचं शरीर. मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पुढे आला, आणि जखमी माणसाची टाचणी काढून त्याला गाढवाच्या पाठीवर थोडं वर सरकवलं. म्हणाला, “असा पडेल तो.”