तीन डॉक्टर, तीन निदानं: खरं कोणतं?

पत्र: ताई, मी २७ वर्षांची आहे. तीन वर्षांत तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी डिप्रेशन सांगून एस्सिटालोप्रॅम दिली. मध्ये एकदा दहा-बारा दिवस मी रात्री जेमतेम तीन तास झोपूनही ताजीतवानी असायचे, रात्रभर कपाटं लावायचे, भरमसाट खरेदी केली. तेव्हा ती गोळी चालू होती की नव्हती, आठवत नाही. हे ऐकून दुसऱ्या डॉक्टरांनी बायपोलर (मूड कधी फार चढतो, कधी फार खचतो असा आजार) म्हणत लॅमोट्रिजिन ही मूड स्थिर ठेवणारी गोळी सुरू केली. आता तिसऱ्या म्हणतात, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. नेटवरच्या टेस्टमध्येही दहापैकी आठ आले. माझा मूड दिवसातून चारदा पालटतो. मित्रानं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही तर जीव नकोसा होतो, संध्याकाळी त्याचा फोन आला की सगळं विसरते. आई म्हणते, स्वभावाला औषध नाही. म्हणून आठवड्यापूर्वी गोळी बंद केली. मी आजारी आहे की माझा स्वभावच वाईट आहे? आणि ऑफिसात सांगू का?

प्रिय मैत्रिणी,

निदानाचं थोडं नंतर बघू. आधी दोन गोष्टी, आजच्या आज करायच्या.

लॅमोट्रिजिन तू आठवडाभर घेतलेली नाहीस. हे वाचून घाबरून आज रात्री जुन्याच डोसची गोळी घेऊ नकोस. हे औषध फार हळू वाढवावं लागतं: साधारण दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग त्यापुढे. एकदम मोठा डोस गेला तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो आणि ते पुरळ क्वचित जिवावर बेततं. पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला की बहुतेक वेळा पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. डॉक्टरांना फोन करून सांग, "सात दिवस बंद आहे, आधी इतके मिलिग्रॅम घेत होते." इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असलीस तर तेही सांग, कारण त्यांनी लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण खाली येतं. औषध पुढे चालू ठेवायचं की नाही, ते त्यानंतर ठरेल. पण ठरवायचं ते त्यांच्याशी बोलून.

दुसरं, "जीव नकोसा होतो" हे वाक्य. मराठीत आपण उकाड्यानंही जीव नकोसा झाला म्हणतो, त्यामुळे ऐकणारा सहज पुढे सरकतो. तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का, ते कसं करायचं इथपर्यंत जातात का, स्वतःला कधी इजा केली आहेस का, हे डॉक्टरांना याच उघड शब्दांत सांग. विचार येत असतील तर घरातली औषधं दुसऱ्या कुणाच्या ताब्यात दे. एका माणसाशी आधीच बोलून ठेव की मी फोन करून फक्त "ये" म्हणेन, प्रश्न न विचारता यायचं. विचाराला बेत जोडला गेला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं.

आता तुझा प्रश्न. तीन डॉक्टर तीन वेगळी नावं सांगतात तेव्हा वाटतं की किमान दोघं चुकले. तुझं पत्र वाचून मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तिघांनी तुझ्या आयुष्याचा वेगवेगळा तुकडा पाहिला.

बायपोलर किंवा बॉर्डरलाइन असं छापून देणारी रक्ताची तपासणी नाही. ब्रेन स्कॅन, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) किंवा शाईच्या डागांच्या चाचणीवरूनही ही नावं ठरत नाहीत. स्कॅन करतात ते मेंदूचा दुसरा काही आजार नाही ना, हे बघायला. निदान उभं राहतं ते हकिगतीवर. त्या हकिगतीत सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे काळ: केव्हा सुरू झालं, किती टिकलं, त्याच्या आधी काय घडलं होतं.

पहिल्या डॉक्टरांकडे तू खचलेली असताना गेलीस. डीएसएम या निदानपुस्तिकेप्रमाणे नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असली की ते डिप्रेशन. समोर तेच होतं, त्यांनी तेच लिहिलं. उत्साह उतू जात असताना दवाखान्यात कोण जातं? म्हणून बायपोलर असलेल्या कित्येकांच्या फाइलवर पहिला शब्द डिप्रेशन हाच असतो.

दुसऱ्यांना ते दहा-बारा दिवस दिसले. इथे एक बारकावा आहे. "झोप लागत नाही" आणि "झोपेची गरजच वाटत नाही" या दोन निराळ्या तक्रारी आहेत. काळजीनं जागणारा माणूस सकाळी गळून गेलेला असतो. तीन तास झोपून तरतरीत उठणं, सोबत वेग, खर्च, बडबड, विचारांची धावपळ, हे सलग चार दिवस टिकलं तर त्याला हायपोमेनिया म्हणतात. सात दिवस टिकून कामधंदा आणि नाती कोलमडली, किंवा दाखल करावं लागलं, तर मेनिया. तुझे दिवस मोजणीत बसतात. पण एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळ्या कधीकधी स्वतःच माणसाला असं वर उचलतात. गोळी सुरू झाल्यावर हे आलं आणि ती थांबवून तिचा अंमल उतरल्यावर तेही उतरलं, तर एवढ्यावरून बायपोलर म्हणता येत नाही. तरी ती खूण डॉक्टर पुढे कायम ध्यानात ठेवतात. अंमल उतरूनही ते पूर्ण जोरात चालू राहिलं, किंवा गोळीच्या आधीच सुरू झालं होतं, तर बायपोलरकडे काटा झुकतो. म्हणजे तू "आठवत नाही" म्हणून सोडून दिलेली ती एक तारीख हा तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील आहे.

तिसऱ्यांनी पाहिली ती दिवसातली चार वळणं. समज, मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. वीस मिनिटांत "काम असेल"वरून "त्याला मी नकोय" इथपर्यंत मन जातं. दुपारी फोन उचलायचा नाही असं ठरतं, चार वाजता सलग अकरा मेसेज जातात, सातला त्याचा आवाज ऐकला की सगळं निवळतं. बायपोलरमधला चढउतार दिवस आणि आठवड्यांच्या मापानं चालतो, नेहमी कुणाच्या वागण्याला बांधलेला नसतो. बॉर्डरलाइनमध्ये माप तासांचं असतं आणि ठिणगी बहुधा जवळच्या माणसाकडून पडते: दुरावा, नकार, किंवा तशी नुसती शंका.

मग दोन्ही असू शकतं का? हो, काहींना दोन्ही असतं. म्हणूनच तुझ्याबाबतीत कोणतं खरं, हे मी इथून सांगणार नाही. एका पत्रावरून ते सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नकोस.

तुझ्या हातात आहे ती तारखांची जुळवाजुळव. एक मोठा कागद आडवा घे, डावीकडे तू सोळा-सतरा वर्षांची होतीस ते साल, उजवीकडे आज. चार ओळी आख: मूड, झोपेचे तास, औषधं (नाव, मिलिग्रॅम, सुरू आणि बंद केल्याची तारीख) आणि घडामोडी, म्हणजे परीक्षा, नोकरी, भांडणं, आजारपण. आठवणीवर विसंबू नकोस. औषधांची बिलं, जुन्या चिठ्ठ्या, त्या खरेदीचे बँकेतले व्यवहार, रात्री तीनला पाठवलेले मेसेज, कपाटाचे काढलेले फोटो, या सगळ्यांवर तारखा असतात. एका बैठकीत होणार नाही, दोन-तीन दिवस लागू देत. मन जड झालं तर कागद बाजूला ठेव.

याच्या जोडीला रोजची नोंद. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, उणे पाच ते अधिक पाच असा मूडचा आकडा. आकडा एकदम हलला तर त्याआधी काय झालं आणि परत यायला किती तास लागले. सोबत झोप, दारू किंवा इतर नशा असेल तर ती, आणि पाळीच्या तारखा. पाळी मुद्दाम लिहायला सांगते आहे. काहींचा मूड पाळीआधीच्या आठवड्यातच कोसळतो आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत सावरतो. त्याचं निदान किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदींवरून पक्कं करतात, म्हणून दोन महिने लिही. लोकांची चूक होते ती ही की रात्री बसून दिवसभराचे तिन्ही आकडे एकदम लिहितात. मग सगळा दिवस रात्रीच्या मूडच्या रंगात रंगतो आणि नोंदीचा उपयोग संपतो.

आईला किंवा तेव्हा सोबत राहणाऱ्या कुणाला विचार: मी भरभर बोलत होते का, अर्ध्यात विषय सोडत होते का, चिडत होते का? चढलेल्या दिवसांत स्वतःचं स्वतःला कळत नाही, आजूबाजूच्यांना कळतं. डॉक्टरही घरच्यांशी बोलायचं म्हणतील. त्याला हो म्हण, पण काही वेळ एकटीनं बोलायचा हक्क सोडू नकोस.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ झालं नसेल तर करून घे. स्टेरॉइडची औषधं घेतली असलीस तर सांग. लहानपणापासून, बारा वर्षांच्या आधीपासून, लक्ष टिकत नसेल आणि हातापायांना उसंत नसेल तर एडीएचडीचाही विचार व्हायला हवा. लहानपणी मारहाण किंवा अत्याचार झाला असेल तर तेही. त्याच्या खुणा बॉर्डरलाइनसारख्याच दिसू शकतात.

व्यक्तिमत्त्व विकाराचं, म्हणजे पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, निदान घाईत होऊ नये, हे माझं ठाम मत आहे. डिप्रेशनच्या ऐन भरात कुणीही परावलंबी, चिडखोर, स्वतःला कमी लेखणारं दिसतं. ते ओसरल्यावर काय उरतं, ते बघायचं असतं. हे वागणं किशोरवयापासून किंवा विशीच्या सुरुवातीपासून आहे का, घरी, कामावर, मैत्रीत, सगळीकडे आहे का, की एकाच नात्यापुरतं आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत साधारण दोन वर्षं किंवा अधिक काळ टिकलेलं असणं अपेक्षित आहे, आणि त्यात नुसतं नाव न देता सौम्य, मध्यम की तीव्र तेही सांगतात. नीट तपासणीला एकाहून जास्त भेटी लागतात. ठरावीक प्रश्नक्रमानं घेतलेली मुलाखतच तास-दीड तासाची होऊ शकते.

नेटवरची टेस्ट ही चाळणी आहे. संशयित कुणी सुटू नये म्हणून तिची भोकं मुद्दाम बारीक ठेवलेली असतात, त्यामुळे नसलेलेही पुष्कळ अडकतात. दहापैकी आठ याचा अर्थ एवढाच, की तज्ज्ञानं नीट बघावं. व्हिडिओतल्या मुलीशीही स्वतःला ताडून बघू नकोस. डीएसएमप्रमाणे बॉर्डरलाइनच्या नऊ निकषांपैकी कोणतेही पाच पुरतात. पाच किंवा त्याहून अधिक निकषांच्या मिळून २५६ जुळण्या होतात, आणि एकच निदान असलेल्या दोघींमध्ये फक्त एक निकष सारखा असू शकतो.

नावाबद्दल दोन शब्द, कारण घरी त्यावरून गोंधळ होतो. शुगर बॉर्डरलाइनवर आहे म्हणजे थोडक्यात वाचलो, असा अर्थ आपण घेतो. इथे तसं नाही. १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी हा शब्द वापरला तेव्हा न्यूरोसिस (चिंता, भीती यांसारखा मनाचा त्रास) आणि सायकोसिस (वास्तवाशी नातं तुटणं) यांच्या सीमेवरचे रुग्ण असा अर्थ होता. ती कल्पना मागे पडली, नाव राहिलं. "थोडासा आजार" असा त्याचा अर्थ नाही, आणि "वाईट स्वभाव" असा तर नाहीच. भावना लवकर पेटणं, जास्त पेटणं आणि विझायला वेळ लागणं, हे त्याचं खरं वर्णन. यात तुझा दोष नाही. दुसऱ्याला पाठवलेल्या अकरा मेसेजची जबाबदारी मात्र तुझी, आणि ती पेलायला शिकता येतं.

आईचं म्हणणं एका मर्यादेत बरोबर आहे. बॉर्डरलाइनवर म्हणून मंजूर झालेलं एकही औषध नाही. गोळ्या देतात त्या सोबतच्या डिप्रेशनसाठी किंवा ठरावीक लक्षणांसाठी. पण उपचार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी उभी केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही थेरपी सगळ्यात जास्त अभ्यासली गेली आहे. पूर्ण स्वरूपात आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक कौशल्यवर्ग आणि मध्ये अडलं तर फोनवर मदत, असं सुमारे वर्षभर चालतं. लिनेहन यांनी तरुणपणी स्वतः भोगलेल्या आजाराबद्दल २०११ साली जाहीरपणे सांगितलं. ती थेरपी जवळ मिळाली नाही, तरी या आजाराची माहिती असलेल्या एकाच तज्ज्ञाकडे नियमित जाण्यानंही फरक पडतो. दर तीन महिन्यांनी डॉक्टर बदलण्यानं नुकसान होतं, कारण प्रत्येक जण नव्यानं सुरुवात करतो. दहा-दहा वर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासांत बहुतेकांची लक्षणं निदानाच्या रेषेखाली आलेली दिसतात. नोकरी आणि नाती सावरायला त्याहून जास्त वेळ लागतो, हेही त्याच अभ्यासांतून दिसतं.

बायपोलर पक्कं ठरलं तर गणित उलटं. तिथे मूड स्थिर ठेवणारं औषध हा पाया, थेरपी त्याच्या जोडीला. एका निदानात गोळी दुय्यम आणि दुसऱ्यात मुख्य आहे, म्हणूनच निकाल लागण्याआधी ती आपल्या मनानं बंद करू नये असं सांगते आहे.

तिसऱ्या डॉक्टरांकडेच परत जा. तो कागद, नोंदी आणि पहिल्या दोघांच्या चिठ्ठ्या ने. विचार: हे निदान कशावरून केलंत? बायपोलर कशावरून बाजूला ठेवलंत? पुढे काय दिसलं तर मत बदलाल? चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी दुखावत नाही. "आत्ता खात्री नाही, तीन महिने बघू" असं उत्तर आलं तर ते प्रामाणिक समज.

ऑफिसात सध्या निदानाचं नाव सांगू नकोस. ते अजून पक्कं नाही, आणि एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. गरज तेवढी सांग: "उपचार चालू आहेत, गुरुवारी दोन तास लवकर निघावं लागेल." साहेबांनी जास्त विचारलं तर डॉक्टरांकडून तेवढ्यापुरती चिठ्ठी आण, निदान न लिहिलेली.