शंका-समाधान : 'हर्मामाक्सा'ला रथ म्हणावं का?

प्रश्न : प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या इंग्रजी भाषांतरांवरून मराठी टिपणं काढतो आहे. 'हर्मामाक्सा' या ग्रीक शब्दाला एका ठिकाणी रथ, दुसरीकडे गाडी असं म्हटलेलं दिसतं. नक्की कोणतं वाहन? मराठीत काय लिहू?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : 'रथ' लिहू नका. हा जोडशब्द आहे. 'हार्मा' म्हणजे लढाईचा किंवा शर्यतीचा, दोन चाकांचा उघडा रथ. तो उभं राहून हाकत. 'हामाक्सा' म्हणजे ओझ्याचा गाडा. (आपल्या सप्तर्षींना होमर हेच गाड्याचं नाव देतो.) दोन्ही मिळून झाली ती वरून झाकलेली, आत बसून किंवा आडवं होऊन लांबचा पल्ला गाठायची चारचाकी. इराणी दरबारातली मंडळी, विशेषतः स्त्रिया, तिच्यातून प्रवास करत.

हेरोडोटसच्या सातव्या पुस्तकात इराणचा राजा झर्क्सीस आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसहून निघतो (इ.स.पू. 480) आणि मनात येईल तेव्हा हार्मातून उतरून हर्मामाक्सात बसतो. दोन्हींना रथ म्हटलं, की राजा रथातून उतरून रथातच बसतो! पुढे राजाच्या निवडक 'अमर' पलटणीबरोबर याच गाड्यांतून बायका आणि नोकरचाकर येतात. तिथे 'रथ' वाचणाऱ्याला ते लढाऊ पथक वाटेल. 'मेणा'ही नको, तो भोई वाहतात. 'दमणी' जवळची, पण दोन चाकांची आणि बैलांची. सुरुवातीला 'झाकलेली चारचाकी प्रवासगाडी' लिहा, मग नुसतं 'बंद गाडी' पुरे.

अपवाद एकच. अलेक्झांडरचा मृतदेह नेणाऱ्या वाहनालाही ग्रीक इतिहासकार डिओडोरस हर्मामाक्साच म्हणतो. त्याचं वर्णन मुळातून वाचण्यासारखं आहे. चार चाकं, चार दांड्या, प्रत्येक दांडीला एकामागे एक चार जुवं, जुवाला चार खेचरं, म्हणजे एकूण 64. आरे सोन्यानं मढवलेले, जमिनीला लागणारी धाव मात्र लोखंडी. खाचखळग्यांत वरचा कक्ष हलू नये म्हणून त्याच्या मधोमध खास जोड बसवलेला. बरोबर रस्ता दुरुस्त करणारे आणि कारागीरही होते, कारण एवढं वजन साध्या वाटेवरून गेलं नसतं. तुमच्या गावच्या गणपतीचा मजल्यांचा रथ पाहिलेल्या वाचकाला 'रथ' म्हटल्यावर असंच काही दिसतं, तेव्हा या एका ठिकाणी 'अंत्ययात्रेचा रथ' लिहायला हरकत नाही. फक्त शेजारी मूळ शब्द देवनागरीत द्या, म्हणजे झर्क्सीसच्या गाडीशी त्याचं नातं वाचकाला कळेल.