केसांसाठी एफडी मोडू का?

नाशिकच्या एका वाचकाने पत्र पाठवलंय. वय २८, अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात कायम नोकरी, हातात येणारा पगार ४४,००० रुपये. साखरपुडा झालाय, लग्न एप्रिलअखेर. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस मागे सरकलेत, मधलाही भाग विरळ होतोय. एका क्लिनिकने ३,००० ग्राफ्टचं (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढून लावायचा केसांचा छोटा पुंजका) हेअर ट्रान्सप्लांट सांगितलं आहे, ग्राफ्टला ४० रुपये, म्हणजे १,२०,०००. रोख भरले तर दहा टक्के सूट, नाहीतर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’. शस्त्रक्रिया डिसेंबरअखेर करायची, ५,००० टोकन भरून झालेत. त्यांचा प्रश्न असा: ‘बँकेत १,६०,००० ची एफडी आहे, ती मोडू की ईएमआय घेऊ?’

तुम्ही विचारलंय दोनपैकी कोणतं. माझं उत्तर, सध्या दोन्ही नको. मात्र ‘केसांवर कसले पैसे घालवता’ असं मी म्हणणार नाही. ठरलेल्या लग्नातसुद्धा कोणी ना कोणी मावशी नवऱ्या मुलाच्या कपाळाकडे बघून काहीतरी बोलतेच, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी ते लागतं. पैसा शेवटी आपल्याला बरं वाटावं म्हणूनच कमावायचा. अडचण आहे ती तारखेची आणि हिशोबाची.

आधी तारीख, कारण तिच्यामुळे अर्धा प्रश्न मिटतो. लावलेले केस साधारण दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात. ते अपेक्षितच असतं, मुळं आत राहतात. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक, विरळ उगवायला लागतात आणि खरा परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने जातात. त्यातच काही जणांचे आजूबाजूचे मूळचे केसही शस्त्रक्रियेच्या धक्क्याने काही काळ गळतात. डिसेंबरअखेर केलं तर एप्रिलअखेर तुम्ही बरोबर चौथ्या महिन्यात असाल. म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये आजच्यापेक्षा बरे दिसाल याची काहीच खात्री नाही, कदाचित विरळच दिसाल. ज्या कारणासाठी घाई चालली आहे, तेच कारण या तारखेत साधत नाही. क्लिनिकमध्ये हे कोणी सांगितलं नसेल तर तीही एक माहितीच समजा.

आता तुम्ही फोटो काढून पाठवलेलं कोटेशन. वर मोठ्या अक्षरात १,२०,०००, आणि अगदी तळाशी, सहीच्या रेघेखाली, ‘टॅक्स एक्स्ट्रा’. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट असते. त्या सूटीतून हेअर ट्रान्सप्लांट आणि कॉस्मेटिक सर्जरी नाव घेऊन वगळल्या आहेत. अपघात, इजा किंवा जन्मजात दोष दुरुस्त करायचा असेल तरच सवलत. तेव्हा १८ टक्के धरा. रोखीचे १,०८,००० प्रत्यक्षात १,२७,४४० होतात, ईएमआयचे १,२०,००० होतात १,४१,६००. आरोग्य विम्यातून यातला रुपया मिळणार नाही, कॉस्मेटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतल्या ‘हे खर्च मिळणार नाहीत’ या ठरावीक यादीतच असते. प्राप्तिकरात ८०डी (आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठीचं कलम) खाली वजावट मिळेल असं कोणी म्हणालं असेल तर तेही चूक, तिथे या खर्चाला जागा नाही.

‘नो कॉस्ट’ हा शब्द मला जाहिरातीत दिसला की मी कॅल्क्युलेटर काढतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. तुमच्याच आकड्यांवर बघा. रोख देणाऱ्याला वस्तू १,०८,००० ला मिळते. तुम्ही महिना १०,००० प्रमाणे १,२०,००० द्याल, वर ३,००० प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा ५४० रुपये जीएसटी आधीच भराल. म्हणजे तुमच्या हाती पडलेलं कर्ज खरं १,०४,४६० चं, फेड १,२०,००० ची. कर बाजूला ठेवला तरी व्याजदर बसतो वर्षाला सुमारे २६ टक्के. पर्सनल लोन महाग म्हणून आपण नाकं मुरडतो, हे बहुतेकदा त्याहून महाग. कर्ज देणारी कंपनी सही घेण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायला बांधील आहे. त्यात सगळी शुल्कं धरून वार्षिक दर छापलेला असतो. ते मागा. मात्र क्लिनिकची रोखीची सूट त्यात येणार नाही, तो हिशोब आपला आपणच करायचा.

एफडी मोडायचा पर्याय व्याजाच्या दृष्टीने स्वस्त आहे, पण मला तो जास्त खुपतो. तुमच्या घरी महिन्याला २८,००० लागतात. वडील एसटीतून निवृत्त, पेन्शन तुटपुंजी. लग्नाचे पैसे त्यांनी वेगळे ठेवलेत हे उत्तम. मग १,६०,००० ची एफडी ही घराची एकमेव गंगाजळी उरते, आणि ती आजच सहा महिन्यांना पुरत नाही. त्यातून १,२७,४४० काढले की ३२,५६० राहतील. सव्वा महिन्याचासुद्धा खर्च नाही. आणि ईएमआय घेतला तर? ४४,००० मधून घरखर्च २८,०००, एसआयपी ५,०००, उरले ११,०००. हप्ता कर सोडून १०,०००, केसांची औषधं ९०० (हे तुमच्याच केमिस्टच्या बिलातून घेतलंय). उरले शंभर रुपये. त्यात मोटरसायकलचं पेट्रोल तरी बसतं का?

औषधांचा विषय निघालाच आहे तर पत्रात तुम्ही ज्याला एका ओळीत गुंडाळलंत, तिथे जरा थांबतो. ‘ट्रान्सप्लांट झालं की औषधं बंद करता येतील’ असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांच्या बाबतीत तसं होत नाही. पुरुषांचं हे टक्कल डीएचटी या हार्मोनला संवेदनशील असलेल्या मुळांमुळे पडतं. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातली मुळं त्याला दाद देत नाहीत, म्हणून तिथले केस काढून पुढे लावतात आणि ते तिथेही टिकतात. पण त्यांच्या मधले, तुमचे मूळचे केस मात्र आपल्या गतीने जातच राहतात. पुढे लावलेली रांग, तिच्या मागे मोकळं मैदान, असं चित्र नको असेल तर फिनास्टेराइड (रोजची गोळी) किंवा मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं औषध) चालू ठेवावं लागतं, आणि बंद केलं की मिळालेला फायदा वर्षभरात बहुतेक निघून जातो. महिना ९०० म्हणजे वर्षाला १०,८००. दरवर्षी पाच टक्के भाव वाढले असं धरलं तर वीस वर्षांत सुमारे ३,५७,०००. खरा खर्च हा आहे, आणि तो कोटेशनवर कुठेच छापलेला नाही. केसांवर पैसे घालायचे असं एकदा ठरवलंत की ते विम्याच्या हप्त्यासारखं दरमहा खात्यातून जाणार, हे मान्य करूनच ठरवा.

त्यात एक चांगली बाजू आहे. औषधं आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, हा क्रम पैशाच्या दृष्टीनेही स्वस्त पडतो. परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष लागतं, पहिल्या काही आठवड्यांत मिनॉक्सिडिलने केस जास्त गळल्यासारखेही वाटतात, त्याने घाबरून बाटली फेकू नका. वर्षभरात गळती थांबली तर कदाचित ३,००० ऐवजी कमी ग्राफ्ट पुरतील, कदाचित शस्त्रक्रियेची गरजच वाटणार नाही. मागचा पट्टा हा न भरता येणारा साठा आहे, तिथून काढलेलं मूळ परत उगवत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी हेअरलाइन खाली ओढण्यात तो खर्च केला आणि चाळिशीत टाळूवर टक्कल वाढलं, तर तेव्हा पैसे असूनही लावायला केस नसतील. अनुभवी डॉक्टर विशीतल्या मुलांना थांबवतात ते म्हणूनच. ग्राफ्टच्या भावाने विकणारा मात्र ग्राफ्ट वाढवायलाच बघणार. त्यातून एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, तेव्हा ‘३,०००’ हे ग्राफ्ट की केस, हेही लेखी विचारा.

फिनास्टेराइड मात्र केमिस्टकडून परस्पर घेऊ नका. अमेरिकेत टक्कलावर या गोळीला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, त्या वेळच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होत्या. प्रमाण लहान आहे, पण तुमचं लग्न तोंडावर आहे आणि पुढे मूल हवं असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. नैराश्याचा पूर्वी त्रास झाला असेल तर तेही सांगा. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये या गोळीच्या दुष्परिणामांत आत्महत्येचे विचार येणं याची पुष्टी केली आहे. होणाऱ्या पत्नीलाही हे औषध माहीत असू द्या. गरोदर बाईने तुटलेली किंवा चुरलेली गोळी हाताळायची नसते. बायोटिनच्या गमीज, कांद्याचं तेल, ‘पॅकेजमध्ये फ्री’ पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची टाळूत इंजेक्शनं) यावर मी शब्द खर्च करत नाही, तुम्ही पैसे करू नका.

मग माझा आराखडा. जानेवारीपासून त्याच १०,००० चं बँकेत दरमहा रिकरिंग डिपॉझिट सुरू करा. साडेसहा टक्क्यांनी वर्षअखेर साधारण १,२४,००० होतील. एफडी जागेवर राहील आणि ईएमआयची दोरी गळ्यात पडणार नाही. मधल्या काळात शंभर रुपयांवर जगायचं नाही. एसआयपी थोडी कमी केलीत तरी चालेल. लग्नासाठी हवं तर चांगल्या सलूनमध्ये केस बारीक कापून घ्या. विरळ केस लांब ठेवले की टाळू जास्त उघडी पडते, हे तुमचा न्हावीही सांगेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला गप्प बसवत नाही. तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झालाय. वर्षअखेरच्या १,२४,००० मधला पहिला वाटा त्यांच्या पॉलिसीला द्या, केसांना दुसरा. हप्ता वयामुळे जड जाईल, तरीही.

वर्षभरानंतरही करायचंच वाटलं तर जरूर करा. तेव्हा डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आधी मागा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची, तंत्रज्ञाच्या भरवशावर सोडायची नाही. भूल देताना काही झालं तर तिथे काय सोय आहे, हेही विचारा. पैसे थोडे कमी पडले तर फायनान्स कंपनीपेक्षा स्वतःच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर कर्ज, घ्या. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतो, बस.

राहिलं टोकन. आज संध्याकाळीच क्लिनिकला ईमेल करा: वैद्यकीय सल्ल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलत आहे, ५,००० परत करावेत किंवा वर्षभरासाठी जमा धरावेत. फोनवर बोललात तरी नंतर ते लिहून पाठवा, पावतीचा फोटो जोडा. दिले तर बरं. नाही दिले तर सोडून द्या. पाच हजार वाचवण्यासाठी १,४१,६०० भरायला जाऊ नका.