जमिनीच्या दाव्यात सातबाऱ्याची साक्षांकित झेरॉक्स चालते का? तलाठ्याला साक्षीला बोलवावे लागते का?

झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका. राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का नोकरीच्या अर्जाला पुरतो. न्यायालयात चालते ती प्रमाणित नक्कल, म्हणजे मूळ अभिलेख ज्याच्या ताब्यात आहे त्याच अधिकाऱ्याने ‘खरी नक्कल’ असा शेरा, तारीख, नाव, हुद्दा आणि सही-शिक्क्यासह दिलेली. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 75 ते 78 नुसार अशी नक्कल खरी मानली जाते, त्यामुळे ती शाबीत करण्यासाठी तलाठ्याला बोलवावे लागत नाही.

मात्र नक्कल खरी असली, तरी तिच्यातील मजकूर खरा ठरतोच असे नाही, आणि हेच आमच्या चुलत्यांना कधी पटले नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर फक्त त्यांचेच नाव होते आणि “सरकारी शिक्का आहे, आता वाद कसला?” असे ते चारचौघांत विचारत. वडिलांनी वाद घालण्याऐवजी, ज्या फेरफाराने (जमिनीवरील हक्क बदलल्याच्या महसुली नोंदीने) त्यांचे स्वतःचे नाव कमी झाले होते त्याची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढली. वडिलांनी हक्क सोडल्याची नोंद केवळ चुलत्यांच्या वर्दीवरून, म्हणजे त्यांनी दिलेल्या खबरीवरून झाली होती. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा त्यात उल्लेख नव्हता आणि नोटिशीवर वडिलांची सहीही नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातील (म्हणजे सातबाऱ्यासारख्या दप्तरातील) नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी धरली जाते, आणि येथे विरुद्ध पुरावा त्याच दप्तरात पडून होता. न्यायालयाने वडिलांचा हिस्सा मान्य केला. चुलत्यांच्या बाजूचे लोक आजही त्याला वकिलाची करामत म्हणतात. त्यांनी तो फेरफार एकदा तरी वाचावा.

म्हणून तुम्हीही नुसता चालू सातबारा काढून थांबू नका. नाव ज्या फेरफाराने लागले किंवा कमी झाले, त्याची आणि त्याआधीच्या सातबाऱ्याची नक्कल अवश्य काढा. सातबारा हा मालकीचा दस्तऐवज नाही, हे तुमच्या भावकीलाही एकदा स्पष्ट सांगा.

ऑनलाइन सातबारा घेणार असाल तर डिजिटल स्वाक्षरीचाच घ्यावा. नुसता पाहण्यासाठी असलेला उतारा कायदेशीर कामासाठी नसतो. तसेच तुमचा दावा 1 जुलै 2024 पूर्वीपासून प्रलंबित असेल तर 1872 चाच जुना पुरावा कायदा लागू राहतो, आणि समोरच्याने झेरॉक्स दाखल केली तर ती निशाणीवर घेतली (पुरावा म्हणून क्रमांक देऊन नोंदवली) जात असतानाच हरकत नोंदवावी लागते.